पेव्याची जागा

बाई, तुमच्या तेरवीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही तुमचा पेवा कापला. भर फुलात होता. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहायला बसले. तुम्हाला आता कोण काय सांगणार, हे मलाही कळतं. तरी लिहिते.

मी लग्न होऊन तुमची धाकटी जाऊ म्हणून या घरात आले तेव्हा मागच्या अंगणात नुसता चिखल होता. न्हाणीचं पाणी तिकडेच जायचं. उन्हाळ्यात दोन खोल्यांचे कुलर रात्रंदिवस ठिबकायचे, त्यामुळे भिंतीच्या सावलीतली काळी माती मे महिन्यातही ओली असायची. मला त्या जागेची किळस होती. तुम्ही मात्र एकदा माहेरून, काटोलच्या बसमधून, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी मांडीवर घेऊन आलात. तुमच्या भावाच्या संत्र्याच्या बागेशेजारून नाला वाहतो, त्याच्या काठावर पेवा उगवतो. तिथले कंद तुम्ही खणून आणले होते. आल्यासारखे दिसणारे, चिखलानं बरबटलेले. चहासुद्धा न घेता तुम्ही मागे गेलात, कंद आडवे ठेवलेत, डोळे वर, वरून बोटभर माती.

"हे काय लावून राहिल्या, बाई?" मी विचारलं.

"पेवा वं. जंगलातलं फूल हाय. याले ओलच पायजे. इथंसा याचं चांगलं जमन."

जमलं. दुसऱ्या पावसाळ्यात ते झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं. जाड, लालसर दांडे, आणि त्यांच्याभोवती गोल जिन्यासारखी चढत गेलेली पानं. शेंड्याला लाल कणीस, आणि त्या कणसातून रोज एखाददोन पांढरी फुलं. पातळ कागद मुठीत चुरगळून पुन्हा उलगडावा तशी, गळ्याशी पिवळी. ही वर्णनं मी आता लिहिते आहे. तेव्हा मी कधी जवळ जाऊन पाहिलं नव्हतं. मी मागच्या दारातून कपडे वाळत घालायची आणि आत यायची.

फुलांपाठोपाठ भुंगे आले. अंगठ्याएवढे काळे, उन्हात पंख निळे चमकायचे. एकेक भुंगा फुलात पार शिरायचा आणि पाठीवर पिवळी भुकटी घेऊन मागे सरकत बाहेर यायचा. मी किंचाळून आत पळायची, तुम्ही तिथेच उभ्या राहून हसायच्या. "तो तुले काही करत नाही. त्याचं त्याचं काम चालू हाय." तुम्ही भुंग्यांना राहायला म्हणून एक वाळका बांबू आणि जुन्या दाराची चौकट भिंतीला टेकवून ठेवलीत. ती पोखरून त्यांनी घरं केली. मग तुमच्या मांडवावरचे दोडके, कारली आणि लाल भोपळे असे लागायला लागले की शेजारी वाटून उरायचे. मी डब्यात दोडक्याची भाजी नेऊन ऑफिसात सांगायची, "घरचे आहेत." घरचे म्हणजे कोणाचे, ते सांगत नव्हते.

आपलं खरं भांडण फुलांवरून कधीच नव्हतं. ते जागेवरून होतं. मला तिथे गट्टू बसवून हवे होते. स्वच्छ, कोरडे, सिमेंटचे लाल-राखाडी गट्टू, सगळ्यांच्या अंगणात बसवलेले असतात तसे. मी डासांचं कारण काढायची. कॉलनीत डेंगू निघाला की मी तुम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं यांना म्हणायची, "मागे एवढं पाणी आहे, आपल्याच घरात कोणी पडलं तर?"

"डासाले साचलेलं पाणी पायजे," तुम्ही आतून म्हणायच्या. "पेव्याले ओली माती पायजे. दोन्ही एकच हाय का? कुलर रिकामा करत जा ना आठवड्याले, त्याच्यात अळ्या असतात."

आणि खरंच, फवारणीवाले आले तेव्हा अळ्या सापडल्या त्या माझ्या खोलीच्या कुलरमध्ये. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

मला तुमची लाज वाटायची, बाई. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, फक्त कोणी तोंडानं बोललं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी स्टीलच्या डब्या वाण म्हणून आणायची, आणि तुम्ही त्याच ताटात शेजारी पेव्याचे कंद ठेवायच्या. थंडीत झाड वाळून जातं, तेव्हा कंद काढून वाटायला तोच काळ बरा, असं तुमचं म्हणणं. माझ्या ऑफिसातल्या बायका रेशमी साड्यांत, आणि त्यांच्या ओंजळीत मातीचे गोळे. "घरी जिथं पाणी सांडते ना, तिथं लावा. भुंगे येतीन, पाखरं येतीन," तुम्ही प्रत्येकीला सांगायच्या. त्या हसून घ्यायच्या आणि जाताना माझ्याकडे पाहायच्या. मी म्हणायची, "आमच्या जाऊबाई खेड्यातल्या आहेत ना." हे वाक्य मी इतक्या सहज म्हणायची की मला त्याची सवय झाली होती.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात भाऊजी शेवटचे होते तेव्हाही तसंच. नवरा आत, आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून एका अनोळखी बाईला पेवा कसा लावायचा ते समजावून सांगत होत्या. तिचा नवराही आतच होता. जरीपटक्याची होती, सिंधी, घरी शिलाईचं काम करायची. मोहिनी. मी तिच्यासमोर तुम्हाला हलक्या आवाजात म्हटलं, "बाई, ही वेळ आहे का?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "तिले रडू येऊन राहिलं वं. बोलाले काही तर पायजे ना." तिचा नवरा बरा होऊन घरी गेला. भाऊजी आले नाहीत. तरी पुढच्या थंडीत तुम्ही ऑटो करून तिच्या घरी कंद देऊन आलात.

यंदा पावसाळा लागला तेव्हापासून तुमचा श्वास कमी पडायला लागला. तुमची खाट मागच्या खिडकीशी लावली, पण पडल्या पडल्या तुम्हाला खिडकीबाहेरचं फक्त आभाळ दिसायचं. तुम्ही रोज विचारायच्या, "फुलला का?" मी औषधाची गोळी काढता काढता म्हणायची, "हो, फुलला." एकदाही मी खिडकीशी जाऊन पाहिलं नाही, बाई. फुलला होता की नाही, मला माहीत नव्हतं. आणि तुम्ही माझ्या शब्दावर डोळे मिटून समाधानानं पडून राहायच्या. पोळ्यानंतर दोन-चार दिवसांनी तुम्ही गेलात. माझी अनघा बंगळूरहून आली, तिला घास तुम्ही भरवले होते, वेण्या तुम्ही घातल्या होत्या. ती तुमच्या पायाशी बसून रडत होती आणि मी आलेल्यांना पाणी देत होते. मला रडू येत नव्हतं. कामं होती.

त्यातलंच एक काम ते.

बिछायतवाला आला. समोर मंडप टाकायचं ठरलं. तो घराला वळसा घालून मागे गेला आणि तिथूनच ओरडला, "ताई, आचाऱ्याची भट्टी लावाले जागाच नाही ना. हे झाडं काढून टाकू का?"

हे माझ्याकडे बघायला लागले. वहिनीच्या झाडाचा निर्णय आपण कसा घ्यायचा, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर भट्टी लावता आली असती. शेजारच्यांचं अंगण मागता आलं असतं. मी तेवढा विचारही केला नाही.

"काढा," मी म्हटलं.

त्याच्या माणसानं विळा घेतला. पेव्याचे दांडे पाणीदार, उसापेक्षा हलके, एका फटक्यात आडवे होत होते. मी मागच्या दारात उभी होते. पहिल्यांदा त्या झाडाकडे नीट पाहत होते, आणि ते पडत होतं. कणसांवर फुलं उघडलेली होती. एका फुलातून भुंगा बाहेर आला तेव्हा ते फूल जमिनीवर होतं. सगळं कापून झाल्यावर तो माणूस ढीग उचलून घेऊन गेला, आणि मग भुंगे आले. तीन-चार होते. जिथे फुलं असायची तेवढ्या उंचीवर, रिकाम्या हवेत, ते फिरत राहिले. एकेका जागी थांबायचे, जणू तिथे काही आहे, आणि सरकून पुढच्या जागी थांबायचे. अनघा माझ्या मागे येऊन उभी राहिली होती.

"आई, कोणी सांगितलं कापायला?"

मी म्हटलं, "मंडपवाल्यानं."

ती वळून आत गेली. माझी मुलगी मला ओळखते.

दुसऱ्या दिवशी माणसं जेवत होती तेव्हा मोहिनी आली. मी तिला ओळखलं नाही, तिनंच नाव सांगितलं. तिच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेले पेव्याचे दोन दांडे होते, कणसांसकट. तुम्ही दिलेल्या कंदाचे. "दीदी के पेड के पास रखूंगी," ती म्हणाली. "किधर है वो?"

मी तिच्या दंडाला धरलं. "मागे आचारी आहेत, फार गर्दी आहे. आधी जेवून घ्या तुम्ही."

ती हात धुवायला मागे गेली. तिला थांबवायला मला जमलं नाही. परत आली तेव्हा तिचे हात कोरडेच होते. तिनं ते दोन दांडे तुमच्या फोटोसमोर ठेवले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्यासमोरून फाटकाबाहेर गेली. तेरवीचं न जेवता. बाई, या घरातून कोणी उपाशी गेलेलं तुम्ही कधी चालवून घेतलं नाही. मी मागे धावायला हवं होतं. मी वाढपी मुलींना खीर फिरवायला सांगितली.

मला वाटलं होतं, कंद जमिनीत आहेत, पुन्हा येतील. सगळं आवरल्यावर मी खुरपं घेऊन मागे गेले. आचाऱ्यांनी भाताची उकळती पेज तिथेच ओतली होती. भट्टीची राख, तेलाचा गाळ, सगळं तिथेच. मी माती उकरली. कंद हाताला लागले ते शिजलेल्या बटाट्यासारखे, दाबले की आत जात होते. वास येत होता. मी सगळी जागा उकरली, एकही धड निघाला नाही.

तेव्हा रडू आलं. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा.

पंधरवड्यानं मी जरीपटक्याला गेले. यांना सांगितलं नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत विचारत विचारत मोहिनीचं घर सापडलं. ती मशीनवर बसली होती. मला पाहून मशीन थांबवलं, पण उठली नाही.

"एक कंद मागायला आले," मी म्हटलं. "आमचा गेला."

"गया नहीं, बहनजी. काटा."

"हो. मी काटायला सांगितलं."

एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असेल ते तुम्हीच समजा. ती थोडी नरमली असावी. उठून मला मागे घेऊन गेली. चार हातांचीच जागा, कपडे धुण्याच्या दगडाशेजारी, आणि तिथे भिंतीच्या वर गेलेला तुमचा पेवा. फुललेला. ती बसून मुळाशी खणायला लागली, माझ्याकडे पाठ करून.

"दीदी आपकी बात करती थी," ती म्हणाली.

मी मनाची तयारी केली. तुम्ही काय काय सांगितलं असेल, ते मला पाठ होतं.

"बोलती थी, मेरी देवरानी को फूल से दुश्मनी नहीं है. कीचड से है. बचपन नाले के किनारे गया उसका, बरसात में पानी घर में घुसता था. इसलिए मैं उसको जास्ती कुछ बोलती नहीं."

बाई, तुम्हाला कोणी सांगितलं?

मी या घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. माझं लग्न ठरलं तेव्हा आम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो, आणि "तुम्ही पहिल्यापासून इथेच का?" असं कोणी विचारलं की मी "हो" म्हणायची. नाल्याकाठचं ते घर, पलंगाखाली विटा, आईनं पहाटे बादलीनं उपसलेलं काळं पाणी, शाळेत मुली माझ्या फ्रॉकला येणाऱ्या वासावरून नाक धरायच्या ते, हे सगळं मी पुसून टाकलं होतं. यांनाही माहीत नव्हतं. माझ्या आईनं तुम्हाला सांगितलं का, अनघाच्या वेळी ती राहायला आली होती तेव्हा? की माझं तोंड पाहूनच तुम्हाला कळलं? आणि माहीत होतं तर माझ्याशी एकदा बोलला का नाहीत? मला तुमचा रागही येतो, बाई. मी चिखलावरून भांडत असताना तुम्ही डासांवर बोलत राहिलात. तुम्हाला वाटलं असेल, ही लपवते आहे तर लपवू द्यावं. तुम्ही माझी लाज सांभाळत बसलात आणि मी चारचौघींत तुम्हाला खेड्यातल्या म्हणत राहिले.

मोहिनीनं दोन कंद दिले, कोंब आलेले. वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून पाणी शिंपडून. चहा विचारला. मी बसले आणि प्यायले.

घरी आले तर फाटकाशी ट्रक उभा. हे मजुराकडून गट्टू उतरवून घेत होते. मला बघून हसले. "सरप्राइज! तुले किती वर्षांपासून पायजे होते. आता मागची जागा मोकळीच हाय, उद्या मिस्त्री येऊन राहिला."

यात त्यांचं काय चुकलं? ते माझ्यासाठीच करत होते.

"मागे नको," मी म्हटलं.

"काहून? तूच तर म्हनत होती."

फाटकातच, मजुरासमोर मी बोलायला लागले. कुठे बोलावं, कसं बोलावं, काही ठरवलं नव्हतं. नाल्याचं सांगितलं. घरात शिरणाऱ्या पाण्याचं. फ्रॉकचं. पेवा मंडपवाल्यामुळे नाही, माझ्यामुळे गेला, हेही. मजूर गट्टू खाली ठेवायचा थांबला होता. हे ऐकत राहिले, मग हळूच म्हणाले, "एवढी वर्षं मले सांगतलं काहून नाही?"

"लाज वाटायची."

"माझी?"

"तुमची नाही. माझीच."

त्यांनी गट्टूंकडे पाहिलं. "वहिनीले माहीत होतं?"

"हो."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. "कोनाले तर माहीत होतं."

रात्री अनघाला फोन करून तिलाही सांगितलं, कापायला कोणी सांगितलं ते. "मला माहीत आहे, आई," ती म्हणाली. तिनं मला माफ केलं असं मी समजत नाही. ती तुमची मुलगी आहे, तिला वेळ लागेल.

गट्टू समोरच्या अंगणात लागले. मागची राख आणि तेलकट माती आम्ही काढून टाकली, काटोलहून तुमच्या भावानं बागेतली माती आणि पालापाचोळ्याचं खत पोत्यांत भरून पाठवलं. त्याला मी फोनवर खरं कारण सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "पाठवतो बाप्पा." दोन्ही कंद लावले, आडवे, डोळे वर, बोटभर मातीखाली. एक सडला. मी पाणी जास्त घातलं असावं, लाजेपायी माणूस जरा जास्तच करतो. दुसरा धरला आहे. वीतभर वाढलाय, दोन पानं आली आहेत. यंदा फुलणार नाही. थंडीत वाळेल आणि मी घाबरेन. भुंगे आता येत नाहीत. मी रोज सकाळी जाऊन बघते, तुम्हाला "फुलला" म्हणत होते तेव्हा जायला हवं होतं तशी.

काल पाणी घालताना माझा पाय घसरला आणि मी त्या चिखलात बसले, साडीसकट. आधी काय केलं असेल? मान वळवून पाहिलं, कोणी बघितलं का. सवय जात नाही, बाई. भिंतीपलीकडून शेजारीण बघत होती. "लागलं का हो?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. मला उठता येत होतं. पण मी तिथेच बसून राहिले, आणि ती विचारायला लागली की एवढं काय लावून राहिल्या तिथं, तेव्हा बसल्या बसल्याच तिला तुमच्या पेव्याचं सांगायला लागले.